बिनदाराची गाडी

अहो, तुमचा बेडूक तुम्ही गेल्यापासून अंगणातच उभा होता. त्याच्यावर ताडपत्री तरी टाका म्हणून शेजारणीनं दोनदा सांगितलं, पण मला त्याच्याजवळ जाववत नव्हतं. तुम्ही होता तेव्हाही मी त्या गाडीला भ्यायचे, आता तर विचारू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचे ते वर आलेले दोन गोल दिवे दिसायचे आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबायचा. तुम्हाला जाऊन महिना होत आला. येणारी-जाणारी माणसं म्हणतात, बोलत जा, मन मोकळं होतं. पण मला तुमच्याशिवाय कुणाशी भांडायची सवय नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

आपला वाद अर्धाच राहिलाय, हे तर तुम्हाला ठाऊक आहे. ही गाडी रोजची गाडी म्हणून चालेल की नाही?

तुमचं सगळंच जगावेगळं. शाळेच्या सहलीबरोबर कोकणात गेलात. मुलांनी येताना शिंपले आणले, तुम्ही गाडी ठरवून आलात. समुद्राच्या वाळूत पर्यटकांना फिरवायची गाडी, आणि ती आणायची कुठं, तर सोलापुरात. इथं वाळू बघायची तर भीमेच्या पात्रात जावं लागतं. कुठल्यातरी जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर फायबरचं नारिंगी टपरं बसवलेलं, डोक्यावर लोखंडी पाइपाची कमान, मागची चाकं पुढच्याच्या दीडपट रुंद. दारं नाहीत. छत म्हणजे कॅनव्हासचा तुकडा. तुम्ही सांगितलंत, हिला बग्गी म्हणतात. गल्लीनं विचारलं, वरात कुणाची? मग आपल्या लेकीनं, ऋतुजानं ते दिवे बघून बेडूक नाव ठेवलं, आणि तेच चिकटलं.

पूजेच्या दिवशीच मला कळलं होतं की हे काही सरळ प्रकरण नाही. मी पुढं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला, ओवाळलं. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत होता. सगळं झाल्यावर म्हणालात, "इंजान मागं हाय तिचं." शाळेत विज्ञान शिकवताना प्रमाणभाषा, आणि खुशीत आलात की गावाकडची सगळी करकंबची बोली तोंडात. मी म्हटलं, मग आधी सांगायचं की. म्हणालात, "तू लई मनापासून ओवाळत हुतीस, मधी कशाला बोलू?" मग मागं जाऊन परत ओवाळलं. एका गाडीला दोनदा ओवाळणारी बाई अख्ख्या सोलापुरात मीच असेन. लिंबू-मिरची पुढंही बांधली आणि मागंही. दारं असायला हवी होती तिथं दोन्ही अंगाला काळा दोरा बांधला, तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. मी किती घाबरले आहे ते तुम्हाला तेव्हा दिसलं असावं.

जुनी बंद गाडी विकून हीच रोज वापरायची, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, हौसेला मोल नाही हे कबूल, पण रोजच्या कामाला ही हौस कशाला? जेवताना रोज खटला चालायचा. तुम्ही बाजू मांडायची, मी मोडून काढायची, ऋतुजानं न्यायाधीश होऊन शेवटची पोळी खायची. शेवटी ठरलं की पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बघायचं. उन्हाळा, पावसाळा आणि उसाचा हंगाम, तिन्ही बघायचे, मग निकाल. तोवर जुनी गाडी करकंबला थोरल्या भावजींकडं ठेवायची.

उन्हाळ्याचा निकाल माझ्या बाजूनं लागला, हे तुम्हीच मान्य केलं होतं. सोलापूरचा वैशाख आणि नावापुरत्या छताची गाडी! सीटवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसता येत नव्हतं. तुम्ही डोक्याला पंचा, खिशात कांदा, डोळ्यांवर काळा चष्मा असे शाळेत जायचात. पोरांनी तुमचं काय नाव ठेवलं होतं ते मला ऋतुजानं सांगितलं, इथं सांगत नाही. नवी पेठेत गेलो की वेगळीच तऱ्हा. गाडीला कुलूप नाही, म्हणून कुलूप मी. तुम्ही दुकानात आणि मी त्या उन्हात पिशव्या सांभाळत भर बाजारात मांडून ठेवल्यासारखी बसलेली. येणारा-जाणारा थांबून विचारणार, "ॲव्हरेज काय देती?" एकदा मी बोलण्यात होते तेवढ्यात शेळीनं मेथीची जुडी ओढून नेली. तुम्ही परत आलात आणि शेळीचीच बाजू घेतलीत. म्हणालात, "तिला काय ठावं, दार उघडं दिसलं, आली." मी म्हटलं, दार असतं तर उघडं दिसलं असतं.

पावसाळा बरोबरीत सुटला. छत दोन्हीकडून गळायचं, मांडीवर छत्री धरून बसायचं, हे खरंच. पण नाल्यावर पाणी चढलं तेव्हा चांगल्या चांगल्या गाड्या अलीकडं थांबल्या आणि आपला बेडूक फरफर करत पलीकडं गेला, हेही मी नाकारत नाही. तुम्ही पलीकडं पोचून मागं वळून बघितलं तेव्हा तुमचं तोंड दहावीत पहिला आलेल्या पोरासारखं झालं होतं. मी शिव्या देत होते, कारण साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. तुम्ही म्हणालात, "भ्यायलीस?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलले, आणि तुम्हाला ते कळलंही.

तिसरा राहिला तो उसाचा हंगाम. खरी भीती मला त्याचीच होती. कारखाने सुरू झाले की मोहोळच्या रस्त्याला एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना लोंबणारा ऊस, मागं ना दिवा ना काही. बंद गाडीत बसूनही त्यांच्या बाजूनं जाताना मी देवाचं नाव घेते. आणि इथं तर मांडीशेजारी सरळ रस्ता. मला सारखं डोळ्यांसमोर यायचं, तुम्ही त्या ट्रॉलीच्या बाजूनं निघाला आहात, आणि पुढचं मी बघू शकायचे नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणायचात, "अगं, काय व्हत न्हाय." माझं सगळं आयुष्य या तीन शब्दांवर काढलं मी.

कारखान्यांचे भोंगे सुरू झाले त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. गाडीत नाही. रस्त्यावर नाही. घरात, सकाळी, न्हाणीघरात, आतून कडी लावून.

हे मला कुणाला सांगता येत नाही. मी पाडव्यापासून बिनदाराच्या गाडीला भीत राहिले, आणि तुम्ही गेलात ते दाराआड. नळ चालू होता, बादली भरून पाणी उंबऱ्याखालून बाहेर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. दार वाजवलं, हाका मारल्या. ऋतुजानं खांद्यानं धक्के दिले. शेजारचे पहार घेऊन आले. त्या कडीचं कौतुक तुम्हीच केलं होतं, दणकट बसवलीय म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदयच बंद पडलं, फार वेळ लागला नसणार. पण मी त्या वेळी शेंगाची चटणी करत होते, मिक्सर चालू होता. तुम्ही हाक मारली होती का? एवढंच मला कळायला हवंय, आणि तेवढं सांगणारं कुणी नाही. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्या आतल्या कड्या सुताराकडून काढून घेतल्या. पाहुणे अवघडतात, अवघडू देत. ऋतुजा आंघोळीला गेली की मी बाहेर उभी. पहिल्यांदा ती चिडली, मग तिनंच तोड काढली. आता ती आत मोठमोठ्यानं पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा चुकला की मी बाहेरून दुरुस्त करते. पोरगी जिवंत आहे हे मला असं पाढ्यापाढ्यानं कळत राहतं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, फोन वाजला तरी दचकते, आणि नाही वाजला तर त्याहून जास्त. कशाची एवढी धास्ती घेतलीय, म्हणून सगळे विचारतात. मला धड सांगता येत नाही.

तेराव्याला भावजींनी विषय काढला. "वयनी, त्यो बेडूक इकून टाका. फार्महाऊसवाला एक जण हाय वळखीचा. पोरीनं चालवाय घेतली म्हंजी हो?" मी लगेच हो म्हटलं. त्यांनी पुढं काही बोलायच्या आत म्हटलं, घेऊन जाऊ दे त्याला. ऋतुजा ताटं उचलत होती, ती घेऊन आत गेली.

चार-पाच दिवसांनी तिनं आपणहून विषय काढला. तिची ती माती तपासायची नोकरी तुम्हाला किती आवडायची. मोहोळच्या पुढं कारखान्याच्या प्रयोगशाळेत एसटीनं जायचं, आणि तिथून शेतांवर नमुने आणायला कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसायचं. ती म्हणाली, "आई, मी बेडूक घेऊन जाते रोज. बाबांचा एक हंगाम बघायचा राहिलाय. तो मी बघते." अंगावर पाल पडावी तशी मी उठले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की म्हटलं, बापाला बघितलंस ना तुझ्या डोळ्यांनी बाहेर काढताना, आता तुला कुठून काढायला लावतेस? ती रडली नाही. म्हणाली, "बाबा गाडीत गेले नाहीत, आई." आणि आंघोळीला जाऊन पाढे म्हणायला लागली.

मग दत्ता आला, दुखवटा काढायला. भावानं बहिणीला माहेरी न्यायचं, नवं लुगडं नेसवायचं, गोड घास भरवायचा आणि आणून सोडायचं. माझ्यासाठी त्यानं नातेपुत्याहून त्याची ती मोठी पांढरी गाडी आणली होती. काचा काळ्या, एसी गार, सीट गादीसारखी. म्हणाला, "ताई, झोपून ये आरामात." ऋतुजा म्हणाली, मी मागून बेडूक घेऊन येते, नाहीतर येतच नाही. दत्तानं मधे पडून तिला हो म्हटलं. मी मागच्या सीटवर बसले आणि सगळा रस्ता मागच्या काचेतून तिचे ते दोन दिवे बघत राहिले.

मोहोळ गेल्यावर पुढं ट्रॉल्या लागल्या. दत्ता एकीच्या मागं अडकला. मागं वळून बघितलं तर मधे एक टेंपो घुसलेला, बेडूक दिसेना. मी म्हटलं, थांबव. गाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी काच खाली करायला गेले, होईना. दार उघडायला गेले, उघडेना. पोरं मागं बसतात म्हणून त्यानं आतून उघडणार नाही असं कुलूप करून ठेवलेलं, आणि ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. मला काय झालं ते मी कसं सांगू? मी दोन्ही हातांनी ती काच बडवायला लागले. त्या दिवशी न्हाणीघराचं दार बडवलं होतं तशी. फरक एवढाच की या वेळी आत मी होते. श्वास मिळेना. तुम्हाला असंच झालं असेल, हेच डोक्यात येत होतं.

दत्तानं गाडी बाजूला घेतली, धावत येऊन बाहेरून दार उघडलं. "ताई, काय झालं? लई तरास हुतोय का? दवाखान्यात जायाचं का?" मी खाली उतरले आणि धुळीत बसले. तेवढ्यात टेंपोच्या मागून ऋतुजा आली. तिनं बेडूक थांबवला, उतरून माझ्याशेजारी बसली, पाणी दिलं. मी उठले, पदर खोचला आणि त्या गाडीच्या काठावरून पाय टाकून आत बसले. दत्ता बघतच राहिला. "आगं ताई, हितं एवढी चांगली गाडी सोडून तितं कुटं बसतीस?" मी म्हटलं, तू हो पुढं.

मला शौर्य आलं असं समजू नका. तिथून नातेपुत्यापर्यंत मी पाइप घट्ट धरून होते, बोटं पांढरी पडली होती. वारा तोंडात जात होता. एकदा ट्रॉलीच्या बाजूनं जाताना उसाचं पान गालाला ओरखडून गेलं आणि मी किंचाळले. पण ऋतुजा कशी चालवते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ट्रॉलीच्या मागं ती लांब राहायची. ट्रॅक्टरवाल्यानं मागं बघून हात केला, की हीही हात करायची, मगच बाजूनं निघायची. आणि सगळं बोलून दाखवायची. "आता हळू घेते, आई. आता तो वळतोय. आता निघते." मी विचारलं, हे बोलत चालवायचं कुणी शिकवलं? म्हणाली, "बाबांनी. ते म्हणायचे, आई शेजारी असली की असंच चालवायचं, म्हणजे ती कमी घाबरती." तुम्ही मला हे कधी सांगितलं नव्हतंत. मी तर समजत होते तुम्हाला गाडी चालवताना बडबडायची सवय आहे.

माझं मत मी बदललेलं नाही, हे लक्षात ठेवा. रोजची गाडी म्हणून ती वाईटच आहे. उन्हात भाजते, पावसात भिजवते, कुलूप नाही, सामान ठेवायला जागा नाही, पुढं टाकी आणि मागं इंजिन. तुम्ही समोर असता तर पाडव्याला हा खटला मी जिंकलाच असता. पण पाडव्याला अजून अवकाश आहे. परत आल्यावर मी भावजींना फोन केला, गिऱ्हाइकाला थांबायला सांगा म्हटलं. ते म्हणाले, "वयनी, सोन्यासारखी पोरगी हाय, कशाला जीव टांगणीला लावून घेता?" मी म्हटलं, भावजी, तो टांगलेलाच आहे. मग ते गिऱ्हाइकाला कळवतो म्हणाले.

ऋतुजाला अटी घातल्या. मागं-पुढं चमकणाऱ्या पट्ट्या, छातीवरून जाणारा पट्टा, दिवस मावळायच्या आत घरी, आणि पोचल्या पोचल्या फोन. सगळ्याला व्हय व्हय म्हणाली, तुमच्यासारखंच. आज सोमवार. सकाळी डबा घेऊन निघाली. मी फाटकाशी उभी राहिले, आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकला. मग आत आले आणि दूध तापत ठेवलं.

पोचायची वेळ होऊन गेली तरी फोन आला नाही. मी केला तर लागेना. दूध उतू गेलं, गॅस बंद केला, पुसलं नाही. परत लावला. ट्रॉल्या डोळ्यांसमोर यायला लागल्या, तो ऊस, ते रुंद चाक. पायात चप्पल अडकवून मी कुठं निघाले होते देव जाणे, पायरीपर्यंत गेले तोवर फोन वाजला. "आई, अगं रेंज नव्हती, थेट शेतातच आले की. चिखलातनं असला मस्त निघाला बेडूक! इथले साहेब बघायलाच आलेत." मी तिला एवढी झापली की पलीकडं ती हसायला लागली. म्हटलं, जीव खालीवर झाला माझा, तुला कळतंय का? म्हणाली, "कळतंय गं. जेवायच्या सुट्टीत परत करते."

फोन ठेवला आणि पायरीवरच बसले. शाळा सुटून तुम्हाला उशीर झाला की अशीच पायरीवर येऊन बसायचे, तुम्ही आलात की तुम्हालाही अशीच झापायचे. बसल्या बसल्या ध्यानात आलं, महिनाभर मी कड्यांना भ्यायले, शिट्टीला भ्यायले, पण तुमच्या काळजीनं एकदाही माझा जीव खालीवर झालेला नाही. आता कधी होणारही नाही. कितीही ट्रॉल्या जाऊ देत, कितीही उशीर होऊ दे, तुम्हाला आता काहीच होणार नाही. अहो, त्या पायरीवर बसून मी आज पहिल्यांदा मोठ्यानं रडले.